वायर काढली आहे ना?

पुणे,
१४ जुलै

चि. यज्ञेश्वर यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा पोचलं. तू कानात मशीन घालत नाहीस आणि मला मोबाइलवर अंगठ्यांनी टायपायला जमत नाही, त्यामुळे इंदूर-पुणे पोस्टाची एक पिशवी आपल्या दोघांसाठीच चालते असं मला वाटतं. सौ.चा गुडघा कसा आहे? तेल चोळून काही होणार नाही. डॉक्टरला दाखव.

तू विचारलं आहेस, "ते भंगार अजून पार्किंगमध्येच आहे का?" आहे. आणि भंगार म्हणू नकोस. अण्णांची हेरॉल्ड मोटार तीस वर्षं लोणी काळभोरला दत्तोबांच्या गोठ्यात कडब्याखाली पडून होती, तेव्हा तुला तिची आठवण झाली नाही. दत्तोबा गेले, त्यांच्या मुलांनी गोठा पाडायला काढला आणि त्यांचा मला फोन आला, न्यायची असेल तर न्या. मी नेली. सदुसष्टाव्या वर्षी एकट्या बाईनं मोटार दुरुस्त करायला काढली म्हणून सोसायटीला करमणूक झाली आहे. होऊ दे. ती गाडी अण्णांनी मला शिकवली होती. तुला शिकवली नाही, हे दुखणं तुझं जुनं आहे, मला ठाऊक आहे.

काम पोपटराव करतात. मी हाताखाली. तुला मैत्री आठवते का? शाळेतली माझी विद्यार्थिनी, घरी शंका विचारायला यायची, विचारून संपलं तरी उठायची नाही. ती आता कॉलेजात शिकवते. पोपटराव तिचे वडील. छत्तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. धायरीला घर आहे. निवृत्त झाल्यावर हात शिवशिवत होते, मैत्रीनं गाडीबद्दल सांगितलं, तर दुसऱ्याच दिवशी हत्यारांची पेटी घेऊन दारात उभे. गाडीभोवती एक चक्कर मारली, पत्र्यावर बोटानं टकटक केलं आणि म्हणाले, "बाई, हिला कुणी मारलेलं नाही. नुसती विसरलेत."

चाकं काढली आहेत. गाडी माझ्या गॅलरीतून दिसेल अशी लाकडी ठोकळ्यांवर उभी आहे. बॉनेट आख्खं पुढे उघडतं, तुला आठवत असेल. इंजिन खाली काढून साफ करून परत बसवलं. गंज खरवडायचं काम माझं. पॉलिश पेपर घासून माझ्या बोटांवरचे ठसे गेले आहेत, रेशनच्या दुकानात मशीन मला ओळखत नाही. खरवडलेल्या पत्र्यावर आम्ही लाल प्रायमर लावला आहे, पण या हवेत तो वाळतच नाही. हात लावला की चिकट. मी म्हटलं, दिवा लावून ठेवू या का आत? पोपटराव म्हणाले, "नको. पावसात रंगाची घाई नको. वाळेल तेव्हा वाळेल."

विजेच्या बाबतीत फार कडक माणूस. वायर माझ्या हॉलमधल्या सॉकेटमधून गॅलरीतून खाली सोडली आहे. संध्याकाळी काम थांबलं की ते मला वर हाक मारतात, मी प्लग काढते, मग ते खालचा बोर्ड खांबावरच्या खिळ्याला टांगतात आणि परत विचारतात, "वायर काढली आहे ना?" रोज. मी एकदा चिडून म्हटलं, अहो पोपटराव, एकतीस वर्षं मुलांना वीज शिकवली मी. तर म्हणाले, "तुम्ही शिकवलीय, बाई. मी बघितलीय." वर्कशॉपमध्ये त्यांच्या शेजारी काम करणारा माणूस ओल्या फरशीवर शॉक लागून गेला होता. त्यानंतर मी चिडले नाही.

पाऊस सुरू आहे. धरण भरत आलं आहे. खांबावर मागच्या पुराची रेघ अजून आहे, माझ्या कमरेच्या वर. आम्ही पहिल्या मजल्यावर, त्यामुळे घराची काळजी नाही. पण नदी दोन गल्ल्या पलीकडे, आणि गाडीला चाकं नाहीत. दर तासाला टीव्ही लावून किती पाणी सोडलं ते बघते. भीती वाटते, यज्ञेश. हसू नकोस.

तुझी,
ताई


पुणे,
१ ऑगस्ट

चि. यज्ञेश्वर यास,
आशीर्वाद.

तू टीव्हीवर आमचा रस्ता बघितलास म्हणून सौ.नं फोन केला होता. मी तिला सांगितलं तेच लिहिते. मी ठीक आहे. पाणी आमच्या मजल्यापर्यंत आलं नाही. पाणी ओसरलं. चिखल आहे.

गेल्या गुरुवारी झालं. पहाटे साडेपाचला सायरन झाला. मी गॅलरीत आले तर रस्त्यावर पाणी नव्हतं, नुसता ओला रस्ता. मला वाटलं, उगाच घाबरवतात. चहा टाकला. चहा उकळेपर्यंत गटारांच्या झाकणांतून पाणी वर यायला लागलं. पूर म्हणजे नदीकडून लाट येते असं आपल्याला वाटतं ना? तसं नसतं. ते जमिनीतून वर येतं, गुपचूप, रंग चहासारखा. सहाला पार्किंगमध्ये घोट्याएवढं होतं. साडेसहाला गुडघ्याखाली. कुणाच्या तरी स्कूटर आडव्या झाल्या होत्या, एक प्लास्टिकची खुर्ची गोल गोल फिरत होती, आणि आवाज काहीच नाही. तो आवाज नसणं मला अजून ऐकू येतं.

पोपटराव आले होते. गाडी बघायला. पाण्यात उतरले आणि त्यांना शॉक बसला.

वायर राहून गेली होती.

दुसऱ्या मजल्यावरची स्पृहा, फिजिओथेरपिस्ट आहे, चोवीस-पंचवीसची असेल, ती जिन्यातून खाली धावली. तिनं आणि सोसायटीचे चेअरमन श्यामसुंदर यांनी त्यांना ओढून जिन्याच्या वळणावर आणलं. नाडी नव्हती. स्पृहानं छाती दाबायला सुरुवात केली. मोजत होती मोठ्यानं, इंग्रजीत, आणि मध्येच ओरडत होती, "काका, डोंट डू धिस, प्लीज, काका!" मी पायरीवर बसून होते. त्यांच्या अंगातून पाणी पायऱ्यांवरून खाली वाहत होतं. मला वाटत होतं की हे पाणी थांबलं की सगळं संपलं. मग ते खोकले.

अग्निशमन दलाची बोट आली, त्यांना घेऊन गेली. पाच दिवस अतिदक्षता विभागात होते. आता वॉर्डात आहेत. डावा हात नीट उठत नाही, बोटं मिटत नाहीत. आणि त्या सकाळचं त्यांना काही आठवत नाही. आदल्या दिवशीचंही धूसर आहे. डॉक्टर म्हणाले, असं होतं, परत आठवेलच असं नाही.

पोलीस आले होते, जबाब घेतला. सगळ्यांचा घेतला. श्यामसुंदर त्यांना म्हणाले, "मेकॅनिक माणूस, कामाची वायर तशीच ठेवून गेला असणार. स्वतःच्याच वायरनं." हवालदारानं लिहून घेतलं. मला विचारलं, काम कोण करत होतं? मी म्हटलं, पोपटराव.

गाडीत आतपर्यंत चिखल आहे. मी तिच्याजवळ गेलेले नाही.

मला आता बटणांची भीती वाटते. दिवा लावायचा तर लाकडी पट्टीनं बटण दाबते. गीझर बंदच ठेवला आहे. फ्रीजचं दार चप्पल घालून उघडते. काल पाऊस जोरात आला तेव्हा मेन स्विच बंद करून भर दुपारी अंधाऱ्या घरात बसून राहिले. वर्गात मी मुलांना सांगायचे, विजेला घाबरू नका, नियम पाळा. असो.

सौ.ला सांग काळजी करू नये. इकडे यायची मुळीच गरज नाही.

ताई


पुणे,
२६ ऑगस्ट

प्रिय यज्ञेश,

तुझं उत्तर समोर ठेवून लिहिते आहे. तू लिहिलंस, "ताई, तू मनाला लावून घेऊ नकोस. असे लोक निष्काळजीच असतात. जिवावर बेतलं ते त्याच्या स्वतःच्या चुकीनं." असे लोक म्हणजे कसे, हे मी तुला विचारत नाही. मला माहीत आहे आणि तुलाही माहीत आहे. पण ते वाक्य वाचून मी पत्र टेबलावर उलटं ठेवलं आणि तीन दिवस सरळ केलं नाही. कारण ते वाक्य तुला मी पुरवलं होतं. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं, "वायर राहून गेली होती." किती सोयीची आपली भाषा. राहून गेली. कुणाकडून, ते लिहावंच लागत नाही.

माझ्याकडून. राहून गेली नव्हतीच मुळात. मी लावली होती.

आता सगळं क्रमानं सांगते. मध्ये थांबले तर परत लिहिणार नाही.

बुधवारी संध्याकाळी पोपटरावांनी नेहमीसारखं काम थांबवलं. मी प्लग काढला. त्यांनी बोर्ड खिळ्याला टांगला. "वायर काढली आहे ना?" "काढली." ते गेले. मी खाली जाऊन प्रायमरला बोट लावलं, अजून चिकट. महिना झाला होता. मला वाटलं, या माणसाला काय कळतं, उष्णतेनं बाष्पीभवन होतं हे मी शिकवलंय. बोर्ड खिळ्यावरून काढला, एका विटेवर ठेवला, दोनशे वॉटचा बल्ब असलेला जाळीचा दिवा बॉनेटच्या आत टांगला आणि वर येऊन प्लग लावला. त्यांनी नको म्हटलेलं मी चोरून केलं. सकाळी ते यायच्या आत काढून ठेवणार होते. शाळकरी मुलीसारखं.

पहाटे सायरन झाला तेव्हा लाईट गेलेली होती. पाणी वाढायला लागलं तसा मी पोपटरावांना फोन केला. ते आपणहून आले नव्हते, यज्ञेश. मी बोलावलं. "पोपटराव, गाडी जाते हो, काहीतरी करा" असं म्हणाले, आणि रडले. ते म्हणाले, "बाई, तुम्ही वरच थांबा. खाली उतरू नका. मी येतो." मुख्य रस्त्यावर स्कूटर लावून ते पाण्यातून चालत आले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, चपला हातात. फाटकाशी थांबले, वर बघितलं, आणि मला विचारलं, "वायर काढली आहे ना?"

मी हो म्हटलं.

लाईट नव्हतीच. मला वाटलं, काय फरक पडतो. ते दिवा बघतील तेव्हा बघतील, तोवर काहीतरी सांगेन. त्या क्षणी, खाली पाणी चढत असताना, माझ्या मनात भीती होती ती त्यांच्यापुढे चूक कबूल करण्याची. नुसतं "थांबा, प्लग काढते" म्हणायचं होतं. सॉकेट माझ्यापासून चार पावलांवर होतं.

ते गाडीपाशी पोचले. इंजिनवर ताडपत्री बांधावी असं त्यांच्या मनात असणार, कारण दोरी खांद्यावर होती. त्यांनी डावा हात मडगार्डवर ठेवला. आणि माझ्या मागे हॉलमधला पंखा फिरायला लागला.

पंख्याचा आवाज आला आणि खाली बॉनेटच्या आत पिवळा उजेड पडला. पाण्यावर तो उजेड पसरलेला मी बघितला. बोर्ड पाण्याखाली होता, दिव्याची वायर बॉनेटच्या कडेखाली दबून सोललेली होती, गाडीचा सगळा पत्रा जिवंत होता आणि माणूस पाण्यात उभा होता. हे सगळं मला एका क्षणात कळलं, फळ्यावर आकृती काढल्यासारखं स्वच्छ. आणि मी हलले नाही. पोपटरावांचा हात मडगार्डला चिकटलेला होता, मान मागे गेली होती, तोंड उघडं होतं आणि त्यातून आवाज येत नव्हता. माझ्याही तोंडातून येत नव्हता. पाच सेकंद असतील, वीस असतील. स्पृहा तिच्या खिडकीतून किंचाळली तेव्हा माझे पाय सुटले. मी प्लग ओढून काढला. ते पाण्यात पडले.

ते किती सेकंद होते हा हिशेब मी रोज करते. डॉक्टरांना विचारायचं धाडस झालं नाही की पाच सेकंदांनी काय झालं असतं आणि वीस सेकंदांनी काय होतं.

हे मी कुणालाही सांगितलं नाही. श्यामसुंदर बोलले तेव्हा मला फक्त "नाही" म्हणायचं होतं. मी गप्प राहिले. हवालदारानं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर खरं दिलं आणि खोटं लिहून झालं. मला पोलिसांची भीती वाटली, वर्तमानपत्राची वाटली, माझ्या जुन्या विद्यार्थ्यांची वाटली. सर्वांत जास्त मैत्रीची.

हॉस्पिटलात मी जात होते. डबा घेऊन जायचे. ललिताताई, त्यांच्या मिसेस, मला खुर्ची द्यायच्या आणि स्वतः पलंगाच्या कडेवर बसायच्या. "बाई, तुम्ही इतक्या पावसाच्या कशाला येता?" म्हणायच्या. मी त्या खुर्चीत बसायचे.

मग ते घरी गेले. पंधरा ऑगस्टनंतर मी धायरीला भेटायला गेले. पोपटराव खिडकीशी बसले होते. हत्यारांची पेटी दिसली नाही. मी विचारलं, पेटी कुठं आहे? ललिताताईंनी मला डोळ्यांनी खुणावलं, विषय नको. पण ते बोलले. "देऊन टाकली, बाई. शेजारच्या गॅरेजवाल्याला." मी म्हटलं, अहो, हात सुधारेल. तर म्हणाले, "हाताचं नाही. छत्तीस वर्षांत मी वायर विसरलो नाही. एकदाही नाही. आता विसरलो, आणि विसरलो ते पण आठवत नाही. असल्या माणसानं हत्याराला हात लावू नये. उद्या दुसऱ्या कुणाचा जीव जायचा." आणि मग माझी माफी मागितली, यज्ञेश. माझी. "तुमच्या दारात हे व्हायला नको होतं. तुम्ही तर विचारलं की काढली म्हणून सांगायच्या, मीच त्या दिवशी विचारायला विसरलो असणार."

ललिताताई म्हणाल्या, ते रात्रीतून तीन-तीनदा उठून गॅस बंद आहे का बघतात, नळ बघतात, कडी बघतात. मैत्रीला फोन करून विचारतात की मी आज गोळी घेतली का. स्वतःवरचा विश्वासच गेला. जेवण दोन घास.

मी तिथंही गप्प बसले. चहा प्यायले आणि घरी आले. पाण्यात त्यांचा हात गेला तो माझ्या मूर्खपणानं. पण खिडकीशी बसलेल्या त्या माणसाचं हे जे चाललं होतं, ते मी रोज, शांतपणे, जाणूनबुजून करत होते.

तुझं पत्र त्याच आठवड्यात आलं.

श्यामसुंदरांना आधी सांगितलं. का, माहीत नाही. बहुधा कुणीतरी मला थांबवावं म्हणून. त्यांनी दार लावून घेतलं आणि म्हणाले, "मंदाताई, उत्तम. आता हे परत कुणाला सांगू नका. त्याच्यावर केस नाही, तुमच्यावर नाही, माणूस जिवंत आहे. सत्याचे प्रयोग करायचं आपलं वय नाही." ते तिथंच थांबले असते तर मीही थांबले असते, खरंच. पण ते पुढे म्हणाले, "त्या लोकांना तसंही काय फरक पडतो?" ते तुझ्याच शब्दांत बोलले. मी उठले.

शनिवारी सकाळी धायरीला गेले. दोनदा रिक्षावाल्याला वळवा म्हणणार होते. मैत्री घरी होती, सुट्टी होती. मी आत गेले, पण खुर्चीत बसले नाही. उभ्यानंच सांगितलं. दिव्यापासून पंख्यापर्यंत. फाटकाशी त्यांनी विचारलेला प्रश्न आणि मी दिलेलं उत्तर. उजेड दिसल्यावर मी हलले नाही ते. जबाब दिला तो. हॉस्पिटलात खुर्चीत बसले ते.

माझं बोलणं संपलं तसे पोपटराव माझ्याकडे वळले. मग हळू म्हणाले, "म्हणजे मी विसरलो नव्हतो."

"नाही."

"मी विचारलं होतं?"

"फाटकातूनच विचारलं होतं."

त्यांनी उजव्या हातानं तोंड झाकलं. खांदे हलत होते. रागानं की कशानं, मला कळलं नाही. मी एक पाऊल पुढे टाकलं तर ललिताताई मध्ये येऊन उभ्या राहिल्या. माझ्याहून ठेंगणी बाई. आवाज चढवला नाही. "तुम्ही महिनाभर माझ्या हातचा चहा प्यायलात," म्हणाल्या. "आता जा."

मी गेले. पायऱ्या उतरताना मागून कुणी हाक मारली नाही आणि मारायला नकोच होती. मैत्री माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. माझी मैत्री, जी शंका संपल्या तरी घरी जायची नाही.

शनिवार आणि रविवार कसे गेले ते लिहीत नाही. दाराची बेल वाजली तर मोलकरीण होती, मी तिला आतून विचारलं, पोलीस आहेत का बरोबर?

आज दुपारी मैत्रीचा फोन आला. नमस्कार नाही, काही नाही. म्हणाली, "बाई, जबाब बदलावा लागेल. बाबांच्या नावावर ते लिहिलेलं मी राहू देणार नाही."

मी म्हटलं, मी उद्या जाते.

"मी येते. दहाला चौकीसमोर उभी राहीन. केस काय होईल ते मला माहीत नाही. मी तुम्हाला वाचवायला येत नाहीये, ते नीट लिहिलं जातंय का बघायला येतेय."

"बरोबर आहे," मी म्हटलं.

मला वाटलं, आता फोन ठेवणार. मग म्हणाली, "काल बाबा पहिल्यांदा पोटभर जेवले. आणि जेवताना तुम्हाला शिव्या घालत होते. अर्धा तास. बाबा शिव्या देत नाहीत कधी, मी आयुष्यात ऐकल्या नव्हत्या. आई म्हणाली, देऊ दे." आणि फोन ठेवला.

मी तिथंच भिंतीला टेकून खाली बसले. रडू येईल असं वाटलं, आलं नाही. रात्री पोपटराव गॅस बघायला उठले का, हे मी तिला विचारायला हवं होतं. तो अधिकार आता नाही.

सोसायटीनं नोटीस लावली आहे, गाडी आठ दिवसांत हलवा. तिचं काय करायचं ते मला सुचत नाही आणि सध्या त्याचा विचारही करत नाही. तूही सल्ला देऊ नकोस.

एक मात्र कर. तू जे वाक्य लिहिलंस ते सौ.ला, मुलांना, जिथं जिथं बोलला असशील तिथं जाऊन मागे घे. पुरासारखंच असतं ते, गटारातून वर येतं आणि घरात शिरेपर्यंत आवाज करत नाही. तू आज ना उद्या पुण्याला येशील. तेव्हा माझ्याकडे नंतर ये. आधी धायरीला जा, त्यांनी दार उघडलं तर तू कुणाचा भाऊ ते सांग, आणि मग ते जे बोलतील ते, ऐकायचं मशीन कानात घालून, पूर्ण ऐक.

आत्ता संध्याकाळचे साडेसहा वाजलेत. बाहेर परत भरून आलं आहे. उद्या दहाला चौकी. काय विचारतील, तिथून कुठं नेतील, काही माहीत नाही. मला फार भीती वाटते आहे, यज्ञेश. लहानपणीसुद्धा कधी इतकी वाटली नव्हती, आणि या वेळी कुणाला बोलवायचं नाही, उद्या सकाळी घरून एकटीनंच निघायचं, हे ठरवलं आहे.

जाते.

मंदाकिनी